होडीवालीचा आवाज

नेटवरून चोरीचे गेम उतरवून घेणाऱ्यांचं नाव काढलं, तरी त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "आम्ही वर्षानुवर्षं रक्त आटवायचं आणि हे फुकटात हाणणार!" नोकरी सोडताना स्वतः बनवलेल्या गेमची एक प्रतसुद्धा त्याने घरी आणली नव्हती. त्या गेममधल्या होडीवाल्या म्हातारीला आवाज त्याच्या बायकोचा होता. बाहेरचा गोंगाट नको म्हणून दोघांनी कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून, हसू दाबत तो रेकॉर्ड केला होता.

पुढे कंपनीने तो गेम बाजारातून काढून घेतला. बायको गेल्यावर त्याने कंपनीचे उंबरे झिजवले. "निदान तिचा आवाज तरी द्या हो." "हक्क आमचे आहेत, देता येणार नाही," एवढंच उत्तर मिळालं.

शेवटी तोच लेकीला म्हणाला, "बघ गं, कुठे चोरून मिळतोय का."

मिळाला. पडद्यावर धुक्यातून होडी आली. म्हातारीने वल्हं थांबवून मान वर केली, तिचे ओठ हलले. त्याने स्पीकर मोठा केला, कान अगदी जवळ नेला. पाणी तेवढं चुबुक चुबुक वाजत होतं.

लेकीने मान खाली घातली.



"फाइल लहान व्हावी म्हणून हे चोरून गेम टाकणारे त्यातलं बोलणं काढून टाकतात, बाबा. ते कोण ऐकतंय, म्हणतात."