बाकीचा फोटो

पोस्टरची गुंडाळी उलगडली आणि ‘मोजपट्टी’ला समोर स्वतःचाच हात दिसला.

मागे गडद काळा रंग, मधोमध उजवा पंजा, अंगठ्याजवळची दोन बोटं मुळापासून गायब. उजेड असा बेतानं पाडलेला की एकेक टाका मोजून घ्यावा. खाली पिवळ्याधमक अक्षरांत लिहिलं होतं, ‘एका क्षणाची बेफिकिरी’. हात त्याचाच, यात काडीची शंका नाही. पण बघता बघता त्यालाही वाटून गेलं, काय वेंधळा माणूस असेल हा! मग तो स्वतःवरच चिडला.

बेफिकीर? तो? पत्र्याचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यात, पत्रा ठोकून आकार देणाऱ्या प्रेसवर एकोणीस वर्षं काढलेला आणि जेवणाचा डबासुद्धा बाकाच्या कडेला समांतर ठेवणारा माणूस. उगाच नाही सगळे त्याला मोजपट्टी म्हणत. अपघातानंतर त्याला ‘हलकं काम’ दिलं होतं, सूचना चिकटवायचं. म्हणजे आता आपली बदनामी आपल्याच हातानं, खळ लावून, भिंतीवर. वा रे वा!

फोटो काढला त्या दिवशी फोटोवाल्या बाईंनी त्याला आधी प्रेसशेजारीच उभं केलं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवलंही होतं. हात, हातामागे प्रेसचा उघडा जबडा, आणि जिथं लोखंडी जाळी असायला हवी तिथं स्क्रूंची नुसती चार भोकं. जाळी असली की हात आत जातच नाही. पण ती दर वेळी उघडण्या-मिटण्यात वेळ जातो म्हणून मॅनेजरसाहेबांनी आठ महिन्यांपूर्वी काढायला लावली होती. पडदा बघून साहेब म्हणाले, “मागचा पसारा नको. नुसता हात घ्या. हातच बोलला पाहिजे.” बाईंनी एकदा मोजपट्टीकडे बघितलं आणि पिशवीतून काळं कापड काढलं.

‘बोलतोय खरा,’ मोजपट्टी आता मनात म्हणाला. ‘पण साहेबांचं बोलतोय.’

“बघू, बघू,” म्हणत शेजारच्या प्रेसवरचा दोस्त आला. त्या दिवशी यानंच धावत जाऊन वीज बंद केली होती, यानंच त्याला उचलून बाहेर नेलं होतं. त्यानं पोस्टर निरखून पाहिलं, च् च् केलं.

“थोडं लक्ष द्यायला हवं होतंस रे.”

मोजपट्टीच्या अंगाची लाहीलाही झाली. “अरे, तू तिथं होतास की!”

“होतो रे,” पोस्टरवरची नजर न काढता दोस्त म्हणाला. “पण हे बघ ना.”

मोजपट्टीच्या प्रेसवर आज नवी बाई लागली होती. कामाचा पहिला दिवस, केसांना रुमाल घट्ट बांधलेला, चेहऱ्यावर नुसती उमेद. तिनंही मान उंचावून पोस्टर पाहिलं. हात कोणाचा हे तिला कुठं माहीत!

“घाबरू नका, दादा,” ती म्हणाली. “मी नाही अशी धांदरट. मी नीट बघून काम करीन.”

मोजपट्टीनं तिच्या हातांकडे पाहिलं. दहाच्या दहा बोटं होती.

त्यानं खळीची बादली उचलली. सूचनाफलक दाराजवळ होता. मोजपट्टी उलट्या दिशेनं निघाला, थेट आपल्या प्रेसपाशी. तेलकट लोखंडाला कागद धरत नाही, म्हणून आधी रॉकेलच्या चिंधीनं दोन्ही खांब घासूनपुसून घेतले. मग खांबांमधली मोकळी जागा वितीनं मोजली. अंगठा आणि करंगळी शाबूत होती, तेव्हा वीत कुठं गेली नव्हती. अडीच वीत भरली. पोस्टरही तेवढंच, शिवाय दोन्हीकडे चिकटवायला बोटभर कागद जास्तीचा. खांबांच्या आतल्या अंगांना त्यानं डाव्या हातानं खळ फासली.

“ताई, वरचा कोपरा धरता का जरा?”

तिनं धरला. जाळीच्या जागी पोस्टर ताठ बसलं. डोक्यावर प्रेसचा ठोकळा, खाली लोखंडी साचा, दोन्ही बाजूंना रिकामी भोकं, आणि मधोमध तो हात. चार माणसं जमली, मग दहा. दोस्तानं पोस्टर पाहिलं, भोकं पाहिली, आणि खाली मान घातली. नव्या बाईनं आधी मोजपट्टीचा पंजा पाहिला, मग आपले दोन्ही हात हळूच पाठीमागे नेले.

गर्दी बघून साहेब तरातरा आले. “अरे, फलक तिकडं आहे! डोळे फुटलेत का?”

“नाही, साहेब. फोटो अर्धाच आला होता. बाकीचा इथं आहे.”

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. “काढ आधी ते! मशीन सुरू करायचंय.”

“तुम्हीच काढा,” मोजपट्टी शांतपणे म्हणाला. “माझी दोन बोटं कमी आहेत.”

कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी तणतणत बाही वर सारली. कागद आतून चिकटवलेला, सोडवायचा तर मागच्या बाजूनं हात घालावा लागणार होता. साहेब वाकले, हात जबड्याच्या तोंडापर्यंत नेला, आणि तिथंच थबकले.

“मशीन बंद आहे ना?” त्यांनी विचारलं.