वर्ग डोक्यावर न घेणाऱ्या मुली

एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असलेल्या मुलांवरच्या उपचारांची मार्गदर्शिका डॉक्टरीणबाईंनी उमेदीच्या काळात लिहिली होती. तिचा दर्जा तपासायला आज समिती बसली, तेव्हा त्यांचीच जुनी विद्यार्थिनी म्हणाली, “बाई, यातले सगळे अभ्यास मुलग्यांवरचे आहेत. गप्प बसून तंद्रीत हरवणाऱ्या मुली उपचारांविनाच राहिल्या.” “मुली कुठे गं वर्ग डोक्यावर घेतात?” बाई हसल्या. “माझीच लेक बघ. धांदरट, एक काम धड नाही, पण गरीब गाय...” वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. वर्गात खिडकीबाहेर टक लावून बसणारी, रोज काहीतरी हरवून बोलणी खाणारी लेक डोळ्यांसमोर उभी राहिली. परक्या पोरांना त्यांनी आयुष्यभर मायेने तपासलं. तिच्यावर मात्र नुसत्याच रागावल्या. चहाच्या सुट्टीत त्यांनी व्हरांड्यात येऊन लेकीला फोन लावला. पलीकडून पन्नाशीतली लेक घाईघाईने म्हणाली, “आई, आता आणखी काय विसरले मी?”