ट्रायल रूमसमोरचा बाक

किशनराव रोजच्या बाकावर येऊन बसले, तेव्हा वरच्या मजल्यावर कामगार काचा उतरवत होते.

"आज शेवटचं बसणं, काका," शिल्पा चहा देत म्हणाली. "उद्यापासून मॉल पाडून राहिलेत."

किशनराव समोरच्या बंद गाळ्याकडे बघत राहिले.

लातूरच्या रिंग रोडला हा मॉल झाला, तेव्हा त्या गाळ्यात कपड्यांचं दुकान होतं. किशनराव बायकोला, सिंधुला, घेऊन आले होते. भर मे महिन्यात तिनं पूर्ण बाह्यांचा ड्रेस मागितला. शिल्पा तेव्हा दुकानात नवीनच लागलेली. तिनंच ट्रायल रूम दाखवली.

"तुम्ही बसा बाहेर, आलेच," सिंधु म्हणाली.

ती बाहेर आलीच नाही.

पोलीस आले. माल उतरवायचं मागचं दार दिवसभर कुलूपबंद होतं, असं शिल्पानं सांगितलं. किशनराव गावोगाव फिरले. हदगावला मेव्हण्याच्या दारात दोन-दोन दिवस बसून राहिले.

मग ट्रायल रूममध्ये बांगड्या वाजायला लागल्या. पहिल्यांदा शिल्पानं ऐकल्या, मग सगळ्यांनाच ऐकू येऊ लागल्या. गिऱ्हाईक तुटलं. कपड्यांचं दुकान उठलं, चपलांचं आलं. तेही गेलं, लहान मुलांचे खेळ आले. शेवटी एका क्लासवाल्यानं अभ्यासिका काढली. पोरी भर दुपारी दप्तरं टाकून पळाल्या. सरकते जिने थांबले ते थांबलेच. दुकान उठल्यावर शिल्पानं टाकलेला चहाचा ठेला तेवढा राहिला, आणि बांगड्यांचं कळल्यापासून रोज येणारे किशनराव.

"आज वाजल्या का?" त्यांनी विचारलं.

"हाव. सकाळीच. लई वेळ."

"मला एकदाबी ऐकू आल्या न्हाईत."

"रुसल्या असतील तुमच्यावर."

किशनरावांनी डोळे पुसले. उठून शटरखालून वाकून आत गेले. ट्रायल रूमच्या दाराला कान लावला.

"सिंधु, चल घरी."

वर हातोडा थांबला. सगळा मॉल गप्प झाला. किशनराव बराच वेळ तसेच उभे होते. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर धूळ होती.

"ती इथं न्हाई," ते म्हणाले. "असती तर आज तरी बोलली असती."

"असं नका म्हणू, काका. मी सकाळीच ऐकल्या की."

"आता परत शोधाय लागंल."

"या वयात कुठं फिरणार तुम्ही?"

"असंल तिथं जाईन. घेऊनच येईन तिला."

चहा तसाच ठेवून ते निघाले. त्यांची गाडी वळणाआड जाईपर्यंत शिल्पा दारात उभी राहिली. मग ठेल्यामागं जाऊन तिनं फोन लावला.

"सिंधुकाकू, मॉल पाडून राहिलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "आता तो बसून राहायचा न्हाई. आजच अर्धापूर सोडा."