लिंदानीच्या ओळी

पद्माकाकूंनी बोरीची फांदी ओल्या टॉवेलात गुंडाळून आणली होती. वेरिबी गावाबाहेरच्या चौकात गाडी थांबवून त्यांनी ती म्बाथांच्या हातात दिली. म्बाथांनी डर्बनहून आणलेली फांदी विमानतळावरच अधिकाऱ्यांनी काढून घेतली होती. झाडपाला या देशात आणता येत नाही.

म्बाथांनी काट्यांवरून बोट फिरवलं. दर पेरावर दोन काटे, एक सरळ, एक मागे वळलेला.

“आमच्या झाडाची बहीणच आहे,” ते म्हणाले. “सरळ काटा पुढची वाट दाखवतो. वाकडा सांगतो, कुठून निघालो.”

त्यांच्या मुलाचं, लिंदानीचं, शरीर कालच्या विमानाने गेलं होतं. पण माणूस जिथे पडतो तिथे त्याचा जीव थांबून राहतो, त्याला फांदीवर बसवून घरी न्यावं लागतं, ही झुलू लोकांची रीत. एकदा त्याला हाक मारली की घरी पोचेपर्यंत नेणाऱ्याने फक्त त्याच्याशीच बोलायचं. म्हणून जे विचारायचं ते आधी.

“निनाद, नुसत्या नावाने तो येणार नाही,” म्बाथा लिंदानीच्या मित्राला म्हणाले. “त्याच्या ओळी म्हणाव्या लागतील, तो कोण हे सांगणाऱ्या. लहानपणीच्या आहेत माझ्याकडे. शेळ्या हरवून गाणं घेऊन घरी येणारा. दुधाचं मडकं फोडून मांजराची साक्ष काढणारा.”

काकूंना हसू आलं. “या तुम्ही रचल्यात?”

“नाही. आईबाप रचत नाहीत. बरोबरीची पोरं रचतात. त्यात खोड्याही येतात, त्याशिवाय माणूस स्वतःला ओळखत नाही.” ते निनादकडे वळले. “इथल्या तीन वर्षांच्या ओळी माझ्याकडे नाहीत. इथला बरोबरीचा तू.”

निनाद आणि लिंदानी तीन वर्षं एका खोलीत राहिले होते. म्बाथांना निनादही बाबाच म्हणायचा, फोनवर ऐकून ऐकून. त्याने खिशातले हात बाहेर काढले, पुन्हा आत घातले.

“लायब्ररीतून सगळ्यात शेवटी उठणारा,” तो म्हणाला.

म्बाथांनी डोळे मिटून ऐकलं. डर्बनच्या रेडिओवर झुलू नाटकांमागचे आवाज काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. सुपात वाटाणे फिरवून पाऊस पाडायचा, चुरगळलेल्या कागदातून आग पेटवायची. ऐकताना ते नेहमी डोळे मिटत.

“हे प्रगतिपुस्तक झालं,” ते म्हणाले. “तो म्हणेल, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत.”

काकू साताऱ्याच्या शाळेत पस्तीस वर्षं लहान मुलांना शिकवून लेकीकडे आल्या होत्या. त्या निनादच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“सांगून टाक रे,” त्या मराठीत म्हणाल्या.

“काकू, त्यांना नाही सहन होणार.”

“सहन करायलाच आलेत ना ते?”

एक ट्रक गेला. कडेचं वाळलेलं गवत हललं, मग स्थिर झालं.

“बाबा, त्याने युनिव्हर्सिटी दीड वर्षापूर्वीच सोडली,” निनाद रस्त्याकडे बघत म्हणाला. “तीन विषय गेले, मग त्याने जाणंच बंद केलं. अपघाताच्या दिवशी तो लायब्ररीतून येत नव्हता. वेअरहाउसच्या शिफ्टला चालला होता. तुम्हाला ख्रिसमसला सांगणार होता. आधीच्या ख्रिसमसलाही सांगणार होता.”

म्बाथांनी पुन्हा डोळे मिटले.

“आणि रविवारी तुमचा फोन यायचा ना, तेव्हा तो म्हणायचा, लायब्ररीत आहे, हळू बोलतो. आम्ही खोलीतच असायचो. मी त्याच्या मागे बसून डिक्शनरीची पानं उलटायचो. तुम्हाला ऐकू जावीत म्हणून. दर रविवारी. मला मजा वाटायची, बाबा.”

म्बाथांनी टोपी काढून काकूंकडे दिली. बूट काढले. चौकाच्या कडेला, जिथे पोलिसांचा पिवळा खडू अजून पुसट दिसत होता, तिथे ते अनवाणी उभे राहिले. मग त्यांनी हाक मारली.

एवढा मोठा आवाज त्यांच्यात असेल असं वाटलं नव्हतं. झुलू ओळी एकामागून एक येत गेल्या. त्यातलं निनादला फक्त नाव कळत होतं. शेवटची ओळ मात्र त्यांनी इंग्रजीत म्हटली.

“सायकलवरून शिफ्टला जाणारा, बापासाठी घरातच लायब्ररी बांधणारा!”

त्यांनी फांदी डांबराला टेकवली. थोडा वेळ तशीच धरली. उचलली तेव्हा दोन्ही हातांनी उचलली, जड असल्यासारखी.

“चल, लिंदानी. गाडीत बस. या बाई चालवतील. आधी विमानतळ, मग घर.”

फांदी मागच्या सीटवर खिडकीपाशी बसली. म्बाथांनी तिला पट्टा लावला आणि तिच्या शेजारी बसले. निनाद पुढे बसला. काकूंनी गाडी सुरू केली.

“बाबा, सॉरी,” निनाद मागे वळून म्हणाला.

म्बाथांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आता त्यांना लिंदानीशिवाय कुणाशी बोलता येत नव्हतं. निनादला ते ठाऊक होतं, तरी तो काही वेळ मान वळवून थांबला. मग समोर बघू लागला.

हायवे लागल्यावर म्बाथा फांदीकडे झुकले. पुढच्या सीटवर ऐकू जाईल अशा बेताने, सावकाश इंग्रजीत ते म्हणाले,

“लिंदानी, तुझ्या मित्राला सांग. पहिल्या रविवारपासून तो पानं फार भरभर उलटत होता. वाचणारा माणूस मध्येच थांबतो.”