दुसरं डिकाशन

कल्याणरामने मान मागे टाकून कॉफीची धार तोंडात सोडली आणि तोंड वाकडं केलं.

"पावडर बदललीस काय गे?" त्याने बायकोला विचारलं.

"नाही," विनुता म्हणाली. ती झोपाळ्यावर बसली होती. सकाळच्या या वेळी तिला झोपाळ्यावर बसलेलं त्या घराच्या भिंतींनीही पाहिलं नव्हतं. तिच्या हातात तिचा स्वतःचा पेला होता आणि त्यातली कॉफी चांगली दाट, वाफाळती होती.

तंजावरच्या त्या मराठी घरात रोज पितळी फिल्टरमध्ये पावडर भरून तिच्यावर उकळतं पाणी ओतलं जाई. खाली ठिबकून जमे ते पहिलं डिकाशन, घट्ट आणि घमघमीत. ते आधी पुरुषांचं, मग पाहुण्यांचं, मग सासूचं. त्याच पावडरवर पुन्हा पाणी ओतून जे पाणचट उतरे ते दुसरं, आणि ते सुनेचं. हा नियम कुणी कधी बोलून दाखवला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी सासूने, राजम आत्याबाईंनी, विनुताच्या हातात तो फिका पेला ठेवला. नवी नवरी, थुंकणार कुठे? तिने मुकाट्याने गिळलं. आत्याबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "सवय होते."

पुढे ते दोन शब्द तिला पाठ झाले. पापनाशमच्या शाळेत नोकरी लागली, अंधारात उठून सगळ्यांचं करून बस गाठायची वेळ आली, तेव्हा सवय होते. कंबर धरली, सवय होते. वडील गेले, तेरावा उरकून ती माहेराहून आली ती तशीच ओट्यापुढे उभी राहिली, तेव्हाही आत्याबाई हेच म्हणाल्या. त्या दिवशी विनुताला त्यांचा मनापासून राग आला. तो अजून उतरला नव्हता.

मग पोंगलनंतर एकदा शाळेतून परतताना ती बसमधून उतरलीच नाही. तंजावर आलं, बस रिकामी झाली, कंडक्टरने येऊन सांगितलं. जरा बसू द्या, ती म्हणाली, इथे मला कुणी काही मागत नाही. एवढं बोलून ती जी रडायला लागली ती थांबेना.

कल्याणरामने तिला समुपदेशन केंद्रात नेलं. वाईट माणूस नव्हता तो. बिघडलेला मिक्सर दुरुस्तीला न्यावा तितक्याच काळजीने त्याने तिला नेलं, आणि किती खेपांत ही पहिल्यासारखी होईल, हेही विचारून घेतलं.

तिथल्या नंदिता मॅडमनी त्याला बाहेर बसवलं. कॉफी कशी आवडते तुम्हाला, त्यांनी विनुताला तमिळमध्ये सहज विचारलं. विनुता म्हणाली, उरेल तशी. आपलंच बोलणं ऐकून तिला आधी लाज वाटली, मग लाजेपेक्षा मोठा संताप आला. रोज एक तरी गोष्ट आधी स्वतःसाठी करा, मॅडम म्हणाल्या. तिथे जायचे बरेच मंगळवार गेले तरी तिला धीर होत नव्हता. आज झाला.

"पाणी आहे हे नुसतं," कल्याणराम म्हणाला.

"दुसरं डिकाशन आहे. पहिलं मी घेतलं."

त्याला आधी कळलंच नाही. आपल्या घरात दुसरं डिकाशन निघतं, याचाच त्याला पत्ता नव्हता. कळलं तेव्हा मात्र तो भडकला. बायकांना शिंगं फुटावीत म्हणून चालवतात होय ते केंद्र, म्हणाला. पुढच्या मंगळवारपासून तिथे पाऊल टाकायचं नाही, असंही त्याने सांगून टाकलं.

आठवड्यात तेवढाच एक तास विनुताचा होता. तो गेला की पुन्हा ती बस, पुन्हा ते रडणं. तिने झोपाळ्याची कडी घट्ट धरली.

"मी जाणार," ती म्हणाली. "आणि उद्याही पहिलं मीच घेणार."

तेवढ्यात आत्याबाई देवघरातून बाहेर आल्या. समुपदेशनाचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. विनुता पहिल्यांदा तिथे निघाली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आम्हांस कोणी पुसलं होतं? हे अस्की नोको." हे असलं सगळं त्यांना नकोच होतं. आईला पाहून कल्याणरामला जोर आला. घरात सगळे वरूनच पीत, त्यामुळे उष्ट्याचा प्रश्न नव्हता. त्याने आपला पेला त्यांच्यापुढे धरला.

"अम्मा, तूच पिऊन बघ. मग काय ते सांग."

आत्याबाईंनी धार तोंडात घेतली आणि तशीच धरून ठेवली. या चवीची त्यांना कुणी ओळख करून द्यायला नको होती. त्यांची सासू होती तोवर त्यांच्याही वाट्याला हेच आलं होतं. त्यांनी सावकाश गिळलं. मग त्यांची नजर विनुताच्या पेल्यावर गेली आणि तिथेच थांबली.

ते दोन शब्द आता येणार, हे विनुताला पक्कं ठाऊक होतं. येऊ देत. ती झोपाळ्यावरून उतरली नाही. तिने त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून आपला पेला उचलला आणि उरलेली कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.

आत्याबाईंनी हातातला पेला मुलाच्या पुढ्यात परत ठेवला.

"पी रे कल्याणा," त्या म्हणाल्या. "सवय होते."