चेहऱ्याची अट

"लिहा," व्यवस्थापिका म्हणाली. "आपला ईमेल मिळाला. कंपनीला खेद होतो."

"होतो की वाटतो?" वन्संनी विचारलं.

"माणसाला वाटतो. कंपनीला होतो."

वन्संनी निमूटपणे 'होतो' टंकलं. त्यांचं अर्धं आयुष्य साहेबांची पत्रं टंकण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर फक्त साहेब बदलला. आता साहेब म्हणजे भावजय आणि कचेरी म्हणजे तिच्या घरातली मागची खोली. एक संगणक, लोकरीच्या गुंड्यांनी भरलेलं कपाट, आणि खिडकीशी एक खुर्ची. त्या खुर्चीत बसून व्यवस्थापिका स्वतःच माल विणायची, स्वतःच तपासायची आणि नापसंत पडला तर स्वतःलाच चार शब्द सुनावून उसवायची.

पत्र होतं एका ब्लॉग लिहिणाऱ्या आईला. ती आपल्या अडीच वर्षांच्या मुलाबद्दल लिही. ब्लॉगवर त्याचं नाव ढब्बू. त्याचे हट्ट, त्याचं न झोपणं, त्याचे बोबडे शिव्याशाप, सगळं तिथं वाचायला मिळे. चेहरा मात्र कधीच दिसत नसे. कंपनी ऋतू बदलला की एक स्वेटर पाठवी. ढब्बू तो घालून पाठमोरा उभा राही, आई छायाचित्र काढी आणि चार ओळींचा अभिप्राय लिही. प्रत्येक पार्सलासोबत कंपनीची एकच अट जाई: तपासणीसाठी एक छायाचित्र, चेहऱ्यासकट, प्रसिद्धीसाठी नव्हे. आणि प्रत्येक वेळी तेच थंड उत्तर येई की चेहरा विक्रीला नाही.

पहिल्या अभिप्रायात तिने लिहिलं होतं, "या स्वेटरचा गळा खांद्यावर तीन बटणांनी उघडतो, डोक्यात अडकत नाही. हे ज्याला सुचलं त्याला मूल कळतं. कोणाला सुचलं?" व्यवस्थापिकेने कळवलं होतं की ते कंपनीचं व्यावसायिक गुपित आहे. त्यानंतर ब्लॉगवालीने पुन्हा विचारलं नाही.

सगळं असं सुरळीत चाललं असताना तिने एक लेख लिहिला. लग्न न करता मूल वाढवायचं तिने ठरवलं, तेव्हा तिच्या आईने 'लोक काय म्हणतील' एवढंच विचारलं आणि दार लावून घेतलं, त्याची ती हकिगत. आवाज न चढवता लिहिलेली, म्हणून जिव्हारी लागणारी. हजारो बायका तो वाचून रडल्या. व्यवस्थापिकेनेही वाचला. लेख चांगला आहे, पण लांबलाय, एवढंच ती म्हणाली आणि टाका चुकला म्हणून अख्खी बाही उसवत बसली.

बाजाराला मातृत्वाची कणव येते ती नेमकी तिमाहीच्या अखेरीस. लहान मुलांचा साबण बनवणाऱ्या एका बड्या कंपनीला त्या लेखात दुःख दिसलं, आणि दुःखात जागा रिकामी दिसली. तिथं त्यांनी आपलं घोषवाक्य बसवलं: 'आजी नसली, तरी आम्ही आहोत.' ब्लॉगवालीपुढे वर्षभराचा करार ठेवला. कुठल्याही छायाचित्रात दुसऱ्या कंपनीची वस्तू दिसता कामा नये, आणि ढब्बूचा चेहरा पहिल्याच जाहिरातीत दिसला पाहिजे. रक्कम अशी की एकट्या बाईने नाही म्हणणं म्हणजे चैनच. विचार करते आहे, शुक्रवारी कळवीन, असं तिने स्वेटरवाल्यांना लिहिलं होतं. त्यालाच हे उत्तर.

"पुढे?" वन्संनी विचारलं.

"लिहा, कंपनी चेहऱ्याची अट मागे घेते. पाठमोरं छायाचित्र पुरेल."

"आणि साबणवाल्यांनी पाठही घेतली तर?"

व्यवस्थापिकेने हातातला टाका पुरा केला. "मग लिहा, छायाचित्रच नको. माल येत राहील. मापं तेवढी कळवत जा."

वन्संनी चष्मा काढला. "वहिनी, एकच गिऱ्हाईक, तेही फुकट. अशी कंपनी मी जन्मात पाहिली नाही."

"मोठ्या कंपन्याही तोट्यातच चालतात. त्यांच्या तोट्याला गुंतवणूक म्हणतात, इतकंच."

"बरं. शेवटी 'आपली नम्र' लिहू?"

"लिहा. नम्र लिहायला हरकत नाही."

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. व्यवस्थापिकेने सकाळपासून एकही ओळ धड विणली नव्हती. चष्मा सापडत नाही म्हणाली. तो तिच्या डोक्यावरच होता. वन्संनी मोठ्याने वाचायला घेतलं.

"महोदया, साबणाच्या कंपनीला मी नकार कळवला आहे. आजीची जागा त्यांना देण्याइतकी रिकामी नाही."

"ठीक लिहिते," व्यवस्थापिका पुटपुटली.

"आपण अट मागे घेतलीत, त्याबद्दल आभार. माझं धोरण मात्र तेच राहील. ढब्बूचा चेहरा कोणालाही पाठवला जाणार नाही."

व्यवस्थापिकेने सुया मांडीवर ठेवल्या. "बरोबर आहे तिचं. पोच लिहा."

"थांबा, अजून आहे." वन्संचा आवाज आता कचेरीतला राहिला नव्हता.

"कंपनीचं व्यावसायिक गुपित मला पहिलं पार्सल उघडलं तेव्हाच कळलं होतं. लहानपणी कपडा डोक्यावरून ओढला की मी घर डोक्यावर घ्यायची. म्हणून एका घरात माझ्या प्रत्येक स्वेटरला खांद्यावर तीन बटणं असायची. कंपनी आपणहून काही बोलेल म्हणून इतके दिवस थांबले. चेहरा पाठवणार नाही, आई. येऊन बघ, आणि येताना आत्यालाही घेऊन ये."