मोफत घरपोच

हेमलताच्या वेबसाइटवर 'मोफत घरपोच' असं ठळक लिहिलेलं होतं. माल तिच्या घरी येतच नसे. ऑर्डर आली की सुरतचा व्यापारी तो थेट गिऱ्हाइकाकडे पाठवायचा आणि भाडं तिच्याकडून घ्यायचा.

भामरागडच्या सुकरू मडावीने अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी हवेची गादी मागवली. "ताई, तिच्या पाठीला जखमा झाल्यात. लवकर पाठवा," तो फोनवर म्हणाला.

तिथवर आठवड्यात पोचणाऱ्या कुरिअरचं भाडं नऊशे होतं आणि गादीमागे हेमलताला सुटत होते सहाशे. पदरचे तीनशे घालणं तिच्या जिवावर आलं. तिने व्यापाऱ्याला गादी ट्रकने पाठवायला सांगितलं, अडीचशेत. सुकरू रोज फोन करायचा. "निघालीय, पोचेल," ती सांगत राहिली.

एकोणिसाव्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, गादी आली. पण आई परवाच गेली. खोललेली नाही, परत घ्याल का?"

"घेते," हेमलता कशीबशी म्हणाली.

"भाडं मी भरतो. आमच्याकडे सगळं उशिराच येतं, ताई. तुमचा काय दोष?"

हेमलताने त्याला खरं सांगितलं नाही.